मज्जासंस्थेचीं आद्य चित्रें : अस्सल व नक्कल यांचा विचार

ऐतिहासिक साधनांची छाननी करतांना कागद अस्सल आहे कीं नक्कल, लिहिणारा समकालीन होता कीं मागाहूनचा, सांगितलेली गोष्ट त्यानें स्वतः पाहिली कीं दुसऱ्याकडून ऐकली, हे प्रश्न संशोधक प्रथम विचारतो. बखरीला व पत्राला हे प्रश्न विचारण्याची संवय आपल्याकडे चांगली रुजली आहे. चित्रांना मात्र ते तितक्या कसोशीनें विचारले जात नाहींत; आणि शास्त्रीय ग्रंथांतील चित्रांच्या बाबतींत तर, ज्यानें चित्र काढलें त्यानें तें वस्तु समोर ठेवूनच काढलें असावें, असें बहुतेक वाचक गृहीत धरतात. हें गृहीत कितपत खरें आहे याची परीक्षा करण्यास मानवी मज्जासंस्थेचीं जुनीं चित्रें फार उपयोगी आहेत.

मेंदू, पृष्ठरज्जु आणि त्यांपासून निघून सर्व शरीरभर पसरलेले मज्जातंतू, या सर्वांस मिळून मज्जासंस्था म्हणतात. हाडांचें व स्नायूंचें रूप शव उघडतांच बरेंचसें दिसतें. मज्जासंस्थेचें तसें नाहीं. मेंदू मऊ असतो व मृत्यूनंतर थोड्याच अवधींत तो लिबलिबीत होऊं लागतो. बारीक मज्जातंतु कंडरेहून किंवा रिकाम्या शिरेहून निराळा ओळखण्यास सरावलेला डोळा व सरावलेला हात लागतो. यामुळें चित्रकारानें काय पाहिलें व काय मानून काढलें, यांची सरमिसळ या विषयांत इतर कोणत्याहि अवयवापेक्षां अधिक झाली.

या परीक्षेंतून निघणारा निष्कर्ष आरंभींच सांगतों. नुसतें समोर पाहिल्यानें हीं चित्रें सुधारलीं नाहींत. मेंदू पाहण्याजोगा करण्याची नवी रीत हातीं आली, किंवा त्याच्याविषयीं नवा प्रश्न उत्पन्न झाला, म्हणजेच तीं बदललीं. आणि तेव्हांसुद्धां जुन्या मताची छाया त्यांवर राहिलीच. खालीं अकराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतच्या कांहीं प्रमुख चित्रांचा या दृष्टीनें विचार केला आहे. आपल्याकडील नाडीचक्रांविषयीं जो वाद झाला, त्यासहि शेवटीं हीच कसोटी लावून पाहिली आहे.

(१) ग्रंथावरून काढलेलीं चित्रें

युरोप व पश्चिम आशिया या दोन्ही प्रदेशांत या विषयांत ज्याचा शब्द शतकानुशतकें प्रमाण मानला गेला, तो गेलन हा वैद्य इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत उदयास आला. पृष्ठरज्जु निरनिराळ्या ठिकाणीं कापल्यास शरीराचा कोणता भाग लुळा पडतो, हें त्यानें जिवंत जनावरांवर प्रयोग करून लिहून ठेविलें. माणसाचें शव उघडण्याची सोय मात्र त्यास नव्हती. त्याचीं निरीक्षणें मुख्यतः माकडें, डुकरें व बैल यांवरचीं आहेत. बैलाच्या मेंदूच्या तळाशीं धमन्यांचें एक दाट जाळें असतें. तें माणसांतहि असलेंच पाहिजे असें धरून गेलननें एक उपपत्ति बसविली. हृदयाकडून आलेलें सत्त्व या जाळ्यांत शुद्ध होऊन त्याचा चैतन्यवायु बनतो, तो मेंदूंतील पोकळ्यांत सांठतो व मज्जातंतूंच्या वाटेनें सर्वांगांत जातो, अशी ही उपपत्ति होती. या जाळ्यास पुढें ‘अद्भुत जाळें’ हें नांव पडलें. माणसाच्या मेंदूखालीं असें जाळें नसतें. चौथ्या शतकाच्या अखेरीस एमेसा येथील बिशप नेमेसिअस यानें पोकळ्यांना कामें वांटून दिलीं : पुढची पोकळी कल्पनेची, मधली विचाराची, मागची स्मृतीची. गेलनचा ग्रंथ व पोकळ्यांची ही वांटणी, या दोन गोष्टींच्या आधारानेंच पुढील कित्येक शतकांतील चित्रें काढलेलीं आहेत.

मेंदूशीं जोडलेल्या मज्जातंतूंच्या आज उपलब्ध असलेल्या चित्रांपैकीं अतिशय जुनें चित्र इब्न अल्-हैथम याच्या प्रकाशशास्त्रावरील अरबी ग्रंथांत सांपडतें. इब्न अल्-हैथम १०४० च्या सुमारास वारला. या ग्रंथाची जी प्रत इस्तंबूल येथें आहे ती त्याच्या जांवयानें १०८३ च्या सुमारास उतरविलेली आहे. ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर सुमारें चाळीस वर्षांनीं त्याच्या घरच्याच माणसानें केलेली ही प्रत आपल्या परिभाषेंत ‘अस्सलबरहुकूम’ म्हणण्यास हरकत नाहीं. चित्रांत खालीं नाक, दोहों बाजूंस दोन डोळे, आणि त्यांपासून निघून एकत्र मिळणारे व मेंदूकडे जाणारे दोन मज्जातंतू दाखविले आहेत. हा भूमितीचा आराखडा आहे. दोन डोळ्यांनीं पाहिलेली वस्तु एकच कां दिसते, याचें उत्तर ग्रंथकारास द्यावयाचें होतें. तेवढ्यापुरत्या रेषा त्यानें ठेविल्या आहेत व कातड्याचा किंवा मांसाचा देखावा उभा करण्याचा प्रयत्न केलेला नाहीं. आराखडा आराखडाच म्हणून पुढें ठेवल्यामुळें वाचकाची फसगत होण्याचें कारण उरत नाहीं.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस शिराझचा वैद्य मन्सूर इब्न इल्यास यानें मानवी शरीरावर एक फारसी ग्रंथ लिहून तो तैमूरच्या नातवास अर्पण केला. तो ‘तश्रीह-इ-मन्सूरी’ या नांवानें प्रसिद्ध असून फारसी वैद्यकाच्या अभ्यासकांमध्यें तो हिंदुस्थानांतहि माहीत होता. त्यांत अस्थि, मज्जातंतू, स्नायू, शिरा व धमन्या यांचीं पूर्णाकृति चित्रें आहेत. इस्फहान येथें १४८८ सालीं लिहिलेल्या प्रतींतील मज्जातंतूंचें चित्र पाहिलें तर पाठमोरा बसलेला एक मनुष्य दिसतो. त्याचें डोकें इतकें मागें वळविलेलें आहे कीं तोंड वरच्या अंगास आलें आहे. मज्जातंतूंच्या जोड्या एकमेकींपासून ओळखूं याव्यात म्हणून त्या वेगवेगळ्या रंगांत काढल्या आहेत. अशाच ठेवणीच्या आकृति बव्हेरियांतील प्रूफेनिंगच्या मठांत बाराव्या शतकांत लिहिलेल्या लॅटिन हस्तलिखितांतहि आहेत. शिराझ व बव्हेरिया यांच्यांत एवढें अंतर असतां आकृतींची बसण्याची ढब सारखी असावी, यावरून दोहोंच्या मागें एखादी जुनी समान परंपरा असावी असें अभ्यासक मानतात. ढब सारखी आहे ती नकलेमुळें. शव पाहून काढणारे दोन चित्रकार त्यास सहसा एकाच चमत्कारिक रीतीनें बसविणार नाहींत. अशा चित्रांचा उपयोग पाठांतरासाठीं होता. कोणती जोडी कोठून निघते हें विद्यार्थ्यास आठवावें, एवढेंच त्यांचें काम होतें, व तें त्यांनीं चांगलें केलें.

मुद्रणकला आल्यावर नकलेचा वेग वाढला. कार्थूशियन पंथाचा साधु ग्रेगोर राइश याचा ज्ञानकोशवजा ग्रंथ फ्रायबुर्ग येथें १५०३ सालीं छापला गेला. त्यांतील लांकडी ठशाच्या एका चित्रांत मनुष्याच्या डोक्यावर तीन पोकळ्या क्रमानें काढल्या असून डोळा, कान, नाक व जीभ यांपासून निघालेल्या रेषा पहिल्या पोकळींत मिळालेल्या दाखविल्या आहेत. हें चित्र पुढें अनेक ग्रंथांत उतरविलें गेलें. एकाच बखरीच्या दहा नकला म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत, हा नियम येथें जसाच्या तसा लागू पडतो. राइशचें चित्र जितक्या पुस्तकांत आलें तितक्या वेळां तीन पोकळ्यांचें मत सिद्ध झाल्यासारखें वाचकांस वाटलें. वस्तुतः त्या सर्वांचें मूळ नेमेसिअसच्या एका वाक्यसमूहांत होतें.

(२) मेणाचा ठसा

लिओनार्दो दा व्हिंची याच्या टिपणवह्यांत या विषयाचीं दोन काळांतील चित्रें आहेत, आणि तीं एकाच हातचीं असल्यामुळें विशेष मोलाचीं आहेत. १४९० च्या सुमारास काढलेल्या चित्रांत डोकें उभें चिरलेलें दाखविलें आहे. केस, कातडें, कवटी व तिच्या आंतील पडदे हे थर एकाखालीं एक नीट काढले असून शेजारीं तुलनेसाठीं चिरलेला कांदा काढला आहे. परंतु या थरांच्या आंत डोळ्यामागें त्याच जुन्या तीन पोकळ्या ओळीनें मांडलेल्या आहेत. रेषा लिओनार्दोसारख्या चित्रकाराची आहे. आशय राइशच्या ठशाहून निराळा नाहीं.

सुमारें अठरा वर्षांनंतर त्यानें निराळी युक्ति केली. बैलाच्या मेंदूंतील पोकळ्यांस हवा निघून जाण्यापुरतीं छिद्रें पाडून त्यानें पिचकारीनें वितळलेलें मेण आंत भरलें, आणि तें घट्ट झाल्यावर भोंवतालचा मेंदू काढून टाकला. मूर्तिकार ओतीव काम करतांना जी रीत वापरतात तीच त्यानें येथें उलट्या कामास लावली. हातीं आलेला मेणाचा ठसा तीन वाटोळ्या कोठड्यांसारखा नव्हता. पुढें दोन वांकड्या शिंगांसारख्या पोकळ्या, मध्यें एक अरुंद पोकळी, मागें आणखी एक, असा तो होता. लिओनार्दोनें तो जसा होता तसा काढला. पुस्तकी चित्र मागें सारून वस्तूचा खरा आकार कागदावर आला, तो या मेणामुळें.

तथापि त्याच चित्रावर त्यानें जीं नांवें लिहिलीं तीं जुन्याच मताचीं आहेत. संवेदना कोठें उमटते, ती सर्वसामान्य ज्ञानाच्या स्थानीं कोठें येते, स्मृति कोठें राहते, याची वांटणी त्यानें नव्या आकाराच्या पोकळ्यांवर पुन्हा करून दिली. चित्राची रेषा साक्षीदाराची आणि चित्रावरचें लेखन परंपरेचें, असा हा कागद आहे. त्याचा उपयोग करणारानें हे दोन भाग वेगळे वाचले पाहिजेत. लिओनार्दोचीं हीं चित्रें त्याच्या हयातींत छापलीं गेलीं नाहींत व पुढें कित्येक पिढ्या अभ्यासकांच्या नजरेआड राहिलीं. त्यामुळें त्यानें लावलेला शोध इतरांना पुन्हा लावावा लागला.

(३) व्हेसालिअस आणि अद्भुत जाळें

आंद्रेआस व्हेसालिअस हा पादुआ येथें शारीरशास्त्र शिकवीत असतां १५३८ सालीं व्हेनिस येथें त्याच्या सहा मोठ्या चित्रांचा संच निघाला. तो स्वतःच्या हातानें शवें चिरीत असे व त्याच्या भोंवतीं विद्यार्थ्यांची दाटी असे. असें असतांहि या संचांत मानवी मेंदूखालीं अद्भुत जाळें काढलेलें आहे. जी वस्तु माणसांत नाहींच ती प्रत्यक्ष शवच्छेद करणाराच्या चित्रांत कशी आली, याचा खुलासा त्यानें स्वतःच पुढें करून ठेविला आहे. माणसाच्या डोक्याचा शवच्छेद लोकांसमोर करतांना तो जवळ कोंकराचें किंवा बैलाचें डोकें ठेवीत असे, आणि गेलनचें जें वर्णन माणसांत जुळत नसे तें त्यावर दाखवीत असे. ग्रंथावरील श्रद्धेमुळें डोळ्यांस न दिसलेलें दिसलें असें वाटावें, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणें कठीण. आणि त्याची कबुली खुद्द साक्षीदारानें दिलेली असल्यामुळें तिला फार किंमत आहे.

त्याचा मोठा ग्रंथ १५४३ सालीं बाझेल येथें ओपोरिनुस या मुद्रकानें छापला. चित्रांचे लांकडी ठसे आल्प्स पर्वत ओलांडून तेथवर नेण्यांत आले होते. ग्रंथाच्या चौथ्या भागांत मज्जातंतू व सातव्यांत मेंदू आहे. मज्जातंतूंच्या चित्रांत हाडें, मांस व कातडें वगळून केवळ तंतूंचेंच मनुष्याकार झाड उभें केलें आहे. असें झाड शवांत कोणासहि एकदम दिसत नाहीं. अनेक शवांतील अनेक दिवसांचें काम जुळवून तें बनविलेलें आहे. मेंदूचीं चित्रें निराळ्या धर्तीचीं आहेत. मिशा असलेल्या एका माणसाच्या डोक्याचे वरून खालीं एकेक थर आडवे कापीत जाऊन, प्रत्येक वेळीं जें उघडें पडलें तें काढलें आहे. मेंदू लवकर नासतो. म्हणून तो कवटींतून बाहेर न काढतां जागच्या जागीं, ठरलेल्या क्रमानें कापण्याची ही शिस्त होती. ती चित्रांच्या क्रमांत जशीच्या तशी उतरली आहे, आणि त्यामुळें वाचणारास तोच शवच्छेद पुन्हा करून पाहतां येतो.

या ग्रंथांत व्हेसालिअसनें अद्भुत जाळें माणसांत नाहीं असें स्पष्ट लिहिलें. त्याचें चित्र दिलें तें गेलनचें म्हणणें काय होतें एवढें समजावें म्हणून. मज्जातंतू पोकळ असल्याचेंहि त्यास आढळलें नाहीं. पोकळ्यांची वांटणी त्यास पटली नाहीं, कारण गाढव व मेंढी यांच्या मेंदूंत तशाच पोकळ्या असतात. तरीपण मेंदूंतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या मोजतांना त्यानें गेलनचा सात हाच आंकडा कायम ठेविला. वरून खालीं कापीत गेल्यानें मेंदूचा तळ, जेथून या जोड्या निघतात, तो सर्वांत शेवटीं व सर्वांत बिघडलेल्या स्थितींत हातीं येतो. त्याच्या रीतीनें जें चांगलें दिसलें तें त्याच्या चित्रांत चांगलें आहे. जें नीट दिसलें नाहीं, तेथें जुना आंकडा टिकून राहिला.

या ग्रंथाच्या मूळ ठशांची हकीकत संशोधकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ते जवळजवळ चारशें वर्षें टिकले व म्यूनिक येथें १९३४ सालीं त्यांवरून नवी आवृत्ति छापण्यांत आली. पुढें दुसऱ्या महायुद्धांतील बाँबवर्षावांत ते नष्ट झाले. या चित्रांचें अस्सल आतां कोठेंहि नाहीं. उरले आहेत ते छाप.

(४) मेंदू उलटा करून

१५७३ सालीं पादुआ येथें प्रसिद्ध झालेल्या एका लहान ग्रंथांत कोस्तान्झो व्हारोलिओ यानें मेंदू कवटींतून बाहेर काढून, उलटा धरून, तळाकडून वर कापीत जाण्याची रीत वर्णिली. रोमचा बार्तोलोमेओ एउस्ताकी यानें त्यापूर्वींच १५५२ च्या सुमारास तांब्याच्या सत्तेचाळीस पत्र्यांवर चित्रें कोरवून घेतलीं होतीं. मेंदूचा तळ व तेथून निघणारे मज्जातंतू यांचें त्यांतील चित्र व्हेसालिअसच्या चित्राहून पुष्कळ सरस आहे. चित्रावर अक्षरें लिहून तें झांकण्याऐवजीं त्यानें कडेला मोजपट्टीसारखे आंकडे दिले, म्हणजे नकाशावर जसें अक्षांश-रेखांशानें गांव शोधावें तसा अवयव शोधतां येतो. यांपैकीं आठच चित्रें १५६४ सालीं छापलीं गेलीं. उरलेले पत्रे एउस्ताकीच्या सहकाऱ्याच्या घराण्यांत पडून राहिले, आणि सर्व चित्रें लान्चिसी या वैद्यानें १७१४ सालीं प्रसिद्ध केलीं. तोंपर्यंत त्यांतील बरेंचसें ज्ञान दुसऱ्यांनीं दुसऱ्या मार्गानें मिळविलें होतें. दप्तर बांधून ठेविल्यानें काय हानि होते हें आपणांस नव्यानें सांगावयास नको.

ज्या पुस्तकानें या विषयाला निश्चित वळण लावलें तें टॉमस विलिस याचें मेंदूवरील पुस्तक १६६४ सालीं लंडन येथें निघालें. शवच्छेदांत रिचर्ड लोअर याचें साह्य होतें, आणि चित्रें काढण्यांत ख्रिस्तोफर रेन याचा हात होता. हाच रेन पुढें लंडनच्या सेंट पॉल मंदिराचा शिल्पकार म्हणून प्रसिद्धीस आला. या मंडळींनीं दोन रिती एकत्र केल्या. मेंदू बाहेर काढून उलटा ठेवावयाचा, आणि त्याच्या धमन्यांत पिचकारीनें रंगीत द्रव भरावयाचा. एका बाजूनें भरलेला रंग दुसऱ्या बाजूस निघाला, तेव्हां तळाशीं असलेलें धमन्यांचें कडें खरोखरच अखंड आहे हें सिद्ध झालें. असें कडें यापूर्वीं कासेरिओच्या १६२७ च्या व व्हेसलिंगच्या १६४७ च्या ग्रंथांतील चित्रांत आलें होतें. परंतु त्याचा उपयोग काय हें विलिसनें दाखविलें. मानेंतील एक मोठी धमनी बुजलेली असतांहि ज्यास मेंदूचा विकार जडला नव्हता अशा एका मनुष्याचें शव त्यानें तपासलें होतें. एक वाट बंद झाली तरी कड्यांतून दुसऱ्या वाटेनें रक्त पोंचतें, हा त्याचा अर्थ. आज या कड्यास विलिसचेंच नांव आहे. मज्जातंतूंच्या जोड्या मोजतांना विलिसचा आंकडा नऊवर गेला; बारा हा आज मान्य असलेला आंकडा जोम्मेरिंग यानें १७७८ सालीं दिला. सातापासून बारापर्यंतचा हा प्रवास मेंदूचा तळ अधिकाधिक चांगल्या स्थितींत पाहतां येऊं लागल्याचा प्रवास आहे.

विलिसच्या चित्रांतहि मेंदूच्या वरील वळ्या मात्र ठोकळमानानें काढलेल्या आहेत. त्या काळच्या बहुतेक चित्रांत या वळ्या आंतड्यांच्या वेटोळ्यांसारख्या, कशाहि क्रमानें काढीत. वस्तु डोळ्यासमोर होती, मोठी होती, कवटी उघडतांच दिसत होती. पण कोणती वळी कोठें आहे यावर कांहींच अवलंबून नाहीं अशी समजूत असल्यामुळें ती नीट पाहण्याचें कोणास कारण पडलें नाहीं. फेलिक्स व्हिक् दाझिर याच्या १७८६ च्या रंगीत चित्रांत त्या अधिक काळजीनें काढलेल्या दिसतात. १८६१ सालीं पॅरिसच्या ब्रोका यानें वाचा नष्ट होण्याचा संबंध मेंदूच्या डाव्या पुढच्या भागांतील एका ठराविक वळीशीं लावला. त्यानंतर वळ्या अंदाजानें काढणें कोणासहि परवडण्यासारखें राहिलें नाहीं.

(५) ग्रंथकाराची नसलेलीं चित्रें

विलिसच्याच काळांत आणखी एक चित्र निघालें, आणि तें त्याच्या सर्व चित्रांहून अधिक लोकांस माहीत आहे. विस्तवाजवळ बसलेला एक मुलगा, त्याच्या पायास लागणारी धग, आणि पायापासून मेंदूपर्यंत गेलेला एक धागा, असें तें आहे. पायाशीं धागा ओढला कीं मेंदूंतील पोकळीचें झांकण उघडतें, तेथून चैतन्यवायु स्नायूंत उतरतो व पाय मागें घेतला जातो, असें शरीरयंत्राचें वर्णन तत्त्वज्ञ रेने देकार्त यानें केलें होतें. हें चित्र देकार्तचें म्हणून दाखविण्याची वहिवाट आहे. देकार्त १६५० सालीं वारला. गॅलिलिओस १६३३ सालीं झालेल्या शिक्षेची वार्ता ऐकून त्यानें आपलें लिखाण छापण्याचें थांबविलें होतें. त्या लिखाणाचें लॅटिन भाषांतर १६६२ सालीं लायडन येथें निघालें, व त्यांतील आकृति भाषांतरकारानें स्वतः तयार केल्या. मूळ फ्रेंच पाठ १६६४ सालीं पॅरिस येथें छापतांना संपादक क्लेर्सेलिए यानें गुत्सखोफेन व ला फोर्ज या दोघांकडून नव्या आकृति करवून घेतल्या, आणि कोणती कोणाची हें अक्षरांनीं दर्शविलें. संपादकानें इतकी प्रामाणिक नोंद ठेविली असतांहि पुढच्या लोकांनीं सर्व आकृति देकार्तच्या नांवावर जमा केल्या.

या आकृति एका उपपत्तीचे आराखडे आहेत, पण त्यांत कातडें, पडदे, घड्या अशा सफाईनें काढल्या आहेत कीं त्या शवावरून घेतल्याचा भास व्हावा. निकोलाउस स्टेनो यानें १६६५ सालीं पॅरिस येथें दिलेल्या व्याख्यानांत नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेविलें. देकार्तनें आत्म्याचें स्थान मानलेली मेंदूंतील लहान ग्रंथि इकडे तिकडे झुकते असें आकृतींत दाखविलें होतें. प्रत्यक्षांत ती भोंवतालच्या भागांस अशी चिकटलेली असते कीं तशी झुकूंच शकत नाहीं. विलिसचीं चित्रें त्यानें त्या वेळपर्यंतच्या चित्रांत सर्वांत चांगलीं मानलीं, पण त्यांतीलहि चुका काढून दाखविल्या. स्टेनोचें हें व्याख्यान शास्त्रीय चित्रांच्या साधनचिकित्सेचा उत्तम नमुना म्हणून आजहि वाचण्यासारखें आहे.

(६) एकाच रंगांतून दोन चित्रें

सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं मेंदूचा पातळ काप ठेविला तरी बराच काळ त्यांत एक गुंतवळाच दिसत असे. तंतु कोठें सुरू होतो व कोठें संपतो हें कळत नसे. १८७३ सालीं इटलींतील आब्बियातेग्रासो येथें एका रुग्णालयांत काम करणारा कामिल्लो गॉल्जी यानें यावर तोड काढली. मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटमध्यें मुरवून नंतर काडीखाराच्या, म्हणजे सिल्व्हर नायट्रेटच्या, द्रावणांत ठेविला कीं कांहीं थोड्याच पेशी आपल्या सर्व शाखांसह काळ्याभोर होतात व बाकीच्या तशाच राहतात. सगळ्या पेशी काळ्या झाल्या असत्या तर नुसता काळा डाग दिसला असता. थोड्याच होतात म्हणूनच एकेक पेशी निराळी ओळखतां येते.

गॉल्जीनें या रीतीनें जें पाहिलें त्यावरून तंतूंचें एक अखंड जाळें असतें असें त्याचें मत कायम झालें. १८८७ सालीं ही रीत स्पेनमधील सांतिआगो रामोन इ काहाल याच्या हातीं आली. त्यानें तुकडा दोनदां मुरविला, आणि ज्यांत तंतूंवरचें वेष्टण अजून तयार झालेलें नाहीं अशा गर्भावस्थेंतील व कोंवळ्या प्राण्यांचे मेंदू निवडले. तेव्हां तंतूंचीं टोकें दुसऱ्या पेशींजवळ येऊन थांबतात, तीं एकजीव होत नाहींत, असें त्यास दिसलें. हें त्यानें १८८८ सालीं बार्सिलोना येथें स्वतःच्या खर्चानें काढलेल्या एका त्रैमासिकांत प्रसिद्ध केलें. त्याचीं चित्रें एकेका कापाची हुबेहूब प्रतिमा नसत; अनेक काप पाहून त्यांतील विशेष तो एका चित्रांत जुळवीत असे, आणि पुष्कळदां स्मरणानें काढीत असे.

१९०६ सालीं या दोघांस नोबेल पारितोषिक विभागून देण्यांत आलें, आणि स्वीकाराच्या व्याख्यानांतच गॉल्जीनें काहालच्या मताचें खंडण केलें. रीत एक, रंग एक, यंत्र तेंच. दोघेहि प्रामाणिक व दोघांचाहि हात कसलेला. तरी एकानें जाळें काढलें व दुसऱ्यानें सुटे तंतू काढले. शेवटचा निवाडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें १९५० नंतरच्या दशकांत दिला. दोन पेशींच्या सांध्यांत मिलिमीटरच्या सुमारें पन्नास हजाराव्या भागाइतकें अंतर असतें, असें त्यानें दाखविलें. तें काहालच्या यंत्रांतून दिसणें शक्यच नव्हतें. म्हणजे त्यानें जी फट मानली ती टोकांच्या आकारावरून केलेल्या अनुमानानें मानली, आणि तें अनुमान बरोबर ठरलें. कांहीं ठिकाणीं पेशी एकमेकींशीं अगदीं निकट जोडलेल्या असतात हेंहि पुढें आढळून आलें. तरी सर्वसाधारण नियम काहालचाच ठरला.

(७) नाडीचक्रांचा वाद

आपल्याकडे मज्जासंस्थेच्या जुन्या चित्रांचा विषय निघाला म्हणजे नाडीचक्रांचीं चित्रें पुढें येतात, म्हणून त्यांविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. स्वामी दयानंद सरस्वती यांनीं आपल्या आत्मवृत्तांत एक प्रसंग दिला आहे. हें वृत्त मुंबईहून १८७९ सालीं सुरू झालेल्या ‘थिऑसॉफिस्ट’ मासिकांत प्रसिद्ध झालें. १८५५ च्या सुमारास गंगेच्या कांठीं फिरत असतां त्यांनीं वाहत जाणारें एक प्रेत बाहेर ओढून काढलें, चाकूनें चिरलें, आणि हठयोगाच्या ग्रंथांत वर्णिलेलीं चक्रें त्यांत सांपडतात का हें ताडून पाहिलें. कांहींच जुळेना, तेव्हां त्यांनीं ते ग्रंथ फाडून प्रेताबरोबर नदींत सोडून दिले. याच्या उलट मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनीं १९२७ सालीं कुंडलिनीवर इंग्रजींत पुस्तक लिहून ती म्हणजे मेंदूपासून उदरापर्यंत जाणारा उजव्या बाजूचा व्हेगस हा मज्जातंतु होय, असें प्रतिपादन केलें. त्या पुस्तकास प्रस्तावना लिहिणारे सर जॉन वुड्रॉफ यांनाहि हें समीकरण मान्य नव्हतें.

दयानंदांचें धैर्य व रेळ्यांचा व्यासंग हीं दोन्ही आदरणीय आहेत. परंतु दोघांनींहि हीं चक्रें शवांतील अवयवांचें वर्णन आहेत असेंच धरून चालविलें. एकानें तें खोटें ठरविलें, दुसऱ्यानें खरें. पूर्णानंदाच्या १५७७ मधील षट्चक्रनिरूपणांत जी मांडणी आहे तिची अंतर्गत साक्ष काढली तर निराळेंच उत्तर मिळतें. सहा चक्रांच्या पाकळ्या अनुक्रमें चार, सहा, दहा, बारा, सोळा व दोन अशा आहेत. त्यांची बेरीज पन्नास होते, आणि प्रत्येक पाकळीवर वर्णमालेंतील एकेक अक्षर आहे. हे आंकडे मातृकेच्या पन्नास वर्णांची वांटणी करण्यासाठीं आलेले आहेत, सुरीनें मोजून आलेले नाहींत. साधकानें ध्यान कोठें व कशाचें करावें याचा हा आराखडा आहे. इब्न अल्-हैथमच्या आराखड्यास जसें शवाशीं ताडून खोटें ठरवूं नये, तसें यासहि ठरवूं नये. आणि त्यांत व्हेगस मज्जातंतु शोधूंहि नये.

आपल्या वैद्यकांत शव पाहण्याची परंपरा नव्हती असें मात्र नाहीं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत शव गवत वगैरेंनीं वेढून, पिंजऱ्यांत घालून, वाहत्या पाण्यांत सात रात्री कुजत ठेवावें व मग कुंचल्यानें हळूहळू घांसून एकेक थर पाहावा, अशी रीत सांगितली आहे. या रीतीनें त्वचा, स्नायु, संधि व अस्थि यांचें ज्ञान चांगलें होईल. कवटींतील मेंदू व बारीक मज्जातंतू मात्र सात रात्रींच्या पाण्यानंतर पाहण्याच्या स्थितींत राहणार नाहींत. सुश्रुतांत हाडांची व मर्मांची एवढी बारीक गणना असतां मेंदूच्या अंतर्रचनेचें तसें वर्णन नाहीं, याचें एक कारण या रीतींत शोधणें योग्य होईल. व्हेसालिअसच्या जोड्यांच्या आंकड्याविषयीं वर जें म्हटलें, तेंच येथें लागू पडतें.

(८) सारांश

वरील विवेचनावरून अशा चित्रांचा साधन म्हणून उपयोग करणारानें पुढील गोष्टी पाहाव्यात असें सुचवावेंसें वाटतें. पहिली, चित्र प्रत्यक्ष वस्तूवरून काढलें आहे, दुसऱ्या चित्रावरून उतरविलें आहे, कीं मतावरून रचलें आहे. दुसरी, वस्तु पाहण्याजोगी कशी केली होती : जागच्या जागीं कापून, उलटी करून, मेण किंवा रंग भरून, कीं कांहीं पेशी काळ्या करून, कारण प्रत्येक रीत कांहीं दाखविते व कांहीं झांकते. तिसरी, चित्राची रेषा व त्यावरील नांवें एकाच मताचीं आहेत काय. चौथी, चित्र ज्याच्या नांवावर चालतें त्यानेंच तें काढलें किंवा काढविलें आहे काय. पांचवी, चित्र कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठीं काढलें आहे. कारण जो प्रश्न पडला नव्हता त्याचें उत्तर त्यांत शोधणें व्यर्थ आहे.

आज मेंदूचीं जीं रंगीत चित्रें यंत्राच्या साह्यानें काढलीं जातात, त्यांसहि हेच प्रश्न विचारतां येतात. मेंदूचा अमुक भाग तांबडा झालेला दिसतो तेव्हां तो रंग मेंदूंत नसतो. रक्तप्रवाहाच्या मोजमापावर गणित करून व कोठपर्यंतचा फरक दाखवावयाचा हें ठरवून तो नंतर भरलेला असतो. अशा चित्रांबरोबर मोजमाप कसें केलें व गणित कोणतें लावलें याची नोंद जपून ठेविली, तरच पुढील काळच्या संशोधकास त्यांतील पाहिलेलें व मानलेलें निराळें करतां येईल. क्लेर्सेलिएनें आपल्या आकृतींवर अक्षरें घालून ठेविलीं, म्हणूनच त्या कोणाच्या हें आज आपणांस सांगतां येतें.